प्रोसिजर लिहू की क्यू लावू? बॅकएंडच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी पेठेतल्या एका फराळाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होतो. रांग फुटपाथवर गेलेली. बिलाची सिस्टिम आमच्या टीमनं लिहिलेली, आणि ती अडकलेली. गंमत म्हणजे पूर्ण अडकली नव्हती. अनारसे मागणाऱ्याचं बिल पटकन निघत होतं, चकली मागणाऱ्याचं काही केल्या निघत नव्हतं. मालक काका थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, तुमच्या कॉम्प्युटरला चकली वर्ज्य आहे का?"

उत्तर त्या प्रश्नातच होतं, मला कळायला अर्धा तास लागला. अमेरिकेत, दुबईत मुलाबाळांना फराळ पाठवणारी घरं पुण्यात कमी नाहीत, आणि वेबसाइटवरून येणाऱ्या त्या ऑर्डरींपैकी जवळजवळ प्रत्येकीत चकली असते. ऑर्डर नोंदवायची सगळी कामं आम्ही एका स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवलेल्या आणि तिथेच चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घातली होती. स्टॉक कमी करायचा, पैसे नोंदवायचे, आणि तिथूनच कुरिअर कंपनीच्या सर्व्हरला हाक मारून पिकअपचा नंबर आणायचा. त्या दिवशी तो सर्व्हर उत्तर द्यायला आठ-आठ सेकंद लावत होता. तेवढा वेळ चकलीच्या स्टॉकची ओळ लॉक. काउंटरवर कुणी चकली मागितली की त्याचं बिल त्याच ओळीसाठी ताटकळणार. अनारसे परदेशी कुणी पाठवत नव्हतं, म्हणून ते सुटले.

त्यानंतर आमच्याकडे जो कुणी नवीन येतो, तो दोन आठवड्यांत विचारतोच: हे काम डेटाबेसमधल्या प्रोसिजरमध्ये ठेवू की क्यूमध्ये, म्हणजे निरोपांच्या रांगेत, मेसेज टाकून दुसऱ्या सर्व्हिसकडे (वेगळ्या चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे) सोपवू? मी उत्तर ज्या क्रमानं देतो त्याच क्रमानं इथे लिहितोय. उदाहरण शेवटपर्यंत त्याच दुकानाचं.

पायरी १: कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे एक प्रश्न लिहा

कागद घ्या, खरंच कागद. एक ऑर्डर आली की काय काय व्हायला हवं ते एकाखाली एक लिहा. आमची यादी अशी होती: स्टॉक कमी करणं, पैसे मिळाल्याची नोंद, बिल नंबर, ग्राहकाला एसएमएस, कुरिअरचा पिकअप, वडगावच्या कारखान्याला उद्याची मागणी, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद, काकांचा रात्रीचा रिपोर्ट.

आता प्रत्येकापुढे लिहा: हे दहा मिनिटं उशिरा झालं तर कोणाचं बिघडेल?

स्टॉक उशिरा कमी झाला तर शेवटचं पाकीट दोघांना विकलं जाईल. पैशाची नोंद उशिरा झाली तर ऑर्डर आहे पण पैसे नाहीत, अशी अवस्था मधल्या काळात कुणाला तरी दिसेल. ही कामं एका दमात व्हायला हवीत, सगळी किंवा एकही नाही. डेटाबेसमध्ये अशा गटाला ट्रान्झॅक्शन म्हणतात: पक्कं केलं की कमिट, रद्द केलं की रोलबॅक. एसएमएस, पिकअप, कारखाना, हिशेब, रिपोर्ट यांचं दहा मिनिटांनी काहीही बिघडत नाही. उलट ती कामं ऑर्डरीच्या पोटात घातली तरच बिघडतं.

बिल नंबरावर मात्र जरा थांबा, कारण तो दोन्हीकडे बसतो. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा नंबर सलग मालिकेतला, १६ अक्षरांच्या आतला आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न आलेला हवा. नवीन माणूस लगेच डेटाबेसचा सिक्वेन्स, म्हणजे आपोआप पुढचा नंबर देणारी सोय, वापरतो. पण सिक्वेन्सनं एकदा नंबर दिला की ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तरी तो परत घेत नाही, म्हणजे मालिकेत भोकं पडतात आणि सीए फोन करतो. भोक नको असेल तर नंबराची एक ओळ ठेवून ती त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवावी लागते, आणि मग दुकानातली प्रत्येक ऑर्डर त्या एका ओळीसाठी रांगेत उभी राहते. आम्ही काय केलं? काउंटरची आणि ऑनलाइनची मालिका वेगळी केली, आणि ऑनलाइन ऑर्डरीचं बिल पॅकिंगच्या टेबलावर फाडायला लागलो. काउंटरला बिल तिथल्या तिथे लागतं, ऑनलाइनला खोक्यात घालायच्या वेळी. यादीतलं एखादं काम "आत्ताच हवं" वाटत असेल तर ते नक्की कोणाला आत्ता हवं आहे हे एकदा विचारून घ्या. निम्म्या वेळा उत्तर "कुणालाच नाही" असं येतं.

पायरी २: "आत्ताच" वाली कामं किती डेटाबेसमध्ये पसरली आहेत ते मोजा

एकाच डेटाबेसमध्ये असतील तर त्यांच्यासाठी क्यू नको. काफ्कासारखी मेसेज पोचवणारी सिस्टिम नको, काही नको. ट्रान्झॅक्शन हे यंत्र नेमकं याच कामासाठी बनलंय.

दोन डेटाबेसमध्ये असतील तर प्रोसिजरचा हात तिथे सहजासहजी पोचत नाही, हे आधी मान्य करा. प्रोसिजरला एरवी आपल्या घरातलं दिसतं, शेजारच्याचं नाही. दोन्ही घरांत एकदम कमिट करायचा जुना मार्ग आहे, टू-फेज कमिट. आधी सगळ्यांना "तयार?" विचारायचं, सगळे हो म्हणाले की "करा" सांगायचं. अडचण अशी की "तयार" म्हटल्यावर आणि "करा" यायच्या आत विचारणारा मेला, तर तयार झालेला लॉक धरून बसून राहतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असं तयार ट्रान्झॅक्शन सर्व्हर रीस्टार्ट केला तरी लॉकसकट शिल्लक राहतं. म्हणूनच ती सोय तिथे मुळात बंद असते, त्या सेटिंगची डिफॉल्ट किंमत ० आहे. ज्यांनी ती ० ठेवली त्यांना पुरेसा अनुभव असणार.

दुसरा मार्ग सागा. प्रत्येक डेटाबेस आपापलं कमिट करतो आणि पुढचं फसलं तर मागचं उलटवणारं काम चालवायचं. पैसे घेतले, स्टॉक मिळाला नाही, तर पैसे परत. ही कल्पना १९८७ साली गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी मांडली. तिला मेसेज लागतात, आणि उलटं काम प्रत्येक वेळी लिहिता येतंच असं नाही. तळलेली चकली कणकेत परत जात नाही.

तेव्हा मोजल्यावर दोन आले तर पहिला प्रयत्न ते एक करण्याचा ठेवा. आमच्याकडे "स्टॉक सर्व्हिस" आणि "ऑर्डर सर्व्हिस" वेगळ्या कुणी केल्या होत्या? आम्हीच. का? कुठल्यातरी कॉन्फरन्समधून आल्यावर. परत एकत्र केल्या.

पायरी ३: साधं ट्रान्झॅक्शन पुरेल की प्रोसिजरच लागेल?

हा प्रश्न लोक वगळतात. ट्रान्झॅक्शन हवं म्हणजे प्रोसिजर हवी असं नाही. जावात किंवा पायथनमध्ये ट्रान्झॅक्शन उघडून चार क्वेरी मारून कमिट करता येतं, आणि बहुतेक वेळा तेच ठेवावं.

प्रोसिजर कशी आली ते बघितलं की ती कधी वापरायची हे कळतं. सायबेसनं १९८७ मध्ये आपल्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती आणली, ओरॅकलमध्ये ती १९९२ च्या आवृत्ती ७ पासून आली. तो क्लायंट-सर्व्हरचा काळ. टेबलावरच्या पीसीपासून सर्व्हरपर्यंतचं नेटवर्क मंद, त्यामुळे प्रत्येक फेरी महाग. मग दहा फेऱ्या मारण्यापेक्षा कामच सर्व्हरवर नेऊन ठेवलं आणि एका फेरीत उरकलं. आज नेटवर्क वेगवान झालंय, पण हिशेब तोच आहे. तो करून बघू.

समजा एका ऑर्डरला १४ क्वेरी लागतात आणि ॲप ते डेटाबेस एक फेरी २ मिलिसेकंदाची. पहिल्याच क्वेरीनं चकलीची ओळ लॉक केली तर कमिटपर्यंत ती २८ मिलिसेकंद अडकली. म्हणजे जगातलं कुठलंही मशीन लावा, चकलीच्या ऑर्डरी सेकंदाला ३५ च्या वर जाणार नाहीत. आता ॲप अझूर या क्लाउडच्या पुण्यातल्या रीजनमध्ये आणि डेटाबेस ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबईतल्या, असं करा. असं करणारे मी पाहिलेत. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे दीडशे किलोमीटर जाऊन यायला दीड मिलिसेकंद निव्वळ भौतिकशास्त्राचे. वर राउटर, फायरवॉल. फेरी ५ मिलिसेकंदांवर गेली तर ओळ ७० मिलिसेकंद अडकते आणि सेकंदाला १४ ऑर्डरींवर गाडी थांबते. हेच काम प्रोसिजरमध्ये नेलं की मधल्या फेऱ्या नाहीशा होतात. ३ मिलिसेकंदांत उरकलं तर सेकंदाला तीनशेच्या पुढे.

पण त्याआधी फुकटातला उपाय करा: लॉक घेणारी क्वेरी शेवटी ढकला. १४ पैकी ११ क्वेरी नुसत्या वाचायच्या असतील तर त्या आधी उरकून घ्या, लॉक शेवटच्या तीन क्वेरींपुरताच राहील. आणि स्टॉक आधी वाचून मग ॲपमध्ये वजाबाकी करून परत लिहू नका. "स्टॉक किमान १२ असेल तरच १२ नं कमी कर" असा एकच अपडेट मारा आणि किती ओळी बदलल्या ते बघा. शून्य आलं तर माल नाही. संपलं.

प्रोसिजर मी तीन ठिकाणी लिहितो. लॉक असलेली ओळ खरोखर गर्दीची असते तेव्हा. एकाच टेबलाला वेगवेगळ्या भाषांतले चार प्रोग्रॅम हात लावत असतात आणि नियम चौघांत चार प्रकारे लिहिला जाण्याची भीती असते तेव्हा. आणि महिन्याअखेरीस पन्नास लाख ओळी चाळून दोन बेरजा काढायच्या असतात तेव्हा, कारण त्या ओळी ॲपपर्यंत ओढून आणणं म्हणजे पोतं उचलून घरी नेऊन त्यातले दोन दाणे निवडणं.

किंमतही ऐका. प्रोसिजर डेटाबेसच्या मशीनवर चालते, आणि सगळ्या सिस्टिममध्ये तेच एक मशीन असं असतं की जे शेजारी दुसरं उभं करून सहज वाढवता येत नाही. ओरॅकल एंटरप्राइझ असेल तर लायसन्स प्रोसेसरवर मोजतात, मग वाढवलेल्या कोअरचा हिशेब थेट मॅनेजरच्या टेबलावर. ओरॅकलच्या भाषेत लिहिलेली प्रोसिजर पोस्टग्रेसमध्ये तशीच चालत नाही, हात फिरवावाच लागतो. पोस्टग्रेसमध्ये तर २०१८ च्या आवृत्ती ११ पर्यंत नुसती फंक्शनं होती, आतून कमिट करता येणारी खरी प्रोसिजर तेव्हा आली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: प्रोसिजर बदलायला एक कमांड पुरते. कुणीतरी रात्री प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू सिस्टिमवर, "जरासं" दुरुस्त करतो आणि गिटमध्ये, म्हणजे कोडच्या नोंदवहीत, जुनीच राहते. तेव्हा नियम करा, प्रोसिजरची फाइल गिटमध्ये, बदल फ्लायवे किंवा लिक्विबेससारख्या, डेटाबेसचे बदल क्रमानं लावणाऱ्या टूलमधूनच, थेट हात लावायचा पासवर्ड कुणाकडे नाही.

डेडलॉकही इथेच भेटेल. एक ऑर्डर आधी चकली मग लाडू लॉक करते, दुसरी आधी लाडू मग चकली. दोघी एकमेकींची वाट बघत बसतात. पोस्टग्रेस एका सेकंदानंतर तपासतं आणि एकीला मारतं. उपाय एका ओळीचा आहे: वस्तूंच्या नंबराप्रमाणे क्रम लावून मगच लॉक घ्यायचे, नेहमी त्याच क्रमानं. आणि लॉकसाठी किती थांबायचं याची मर्यादा घाला. ती डिफॉल्टनं ० असते, म्हणजे कितीही वेळ थांबायची तयारी. त्या शनिवारी आमची तीच होती.

पायरी ४: डेटाबेसच्या बाहेर जाणारं काहीही प्रोसिजरमध्ये घालू नका

घालता येतं, हाच घोटाळा आहे. ओरॅकलमध्ये वेबवर हाक मारायला यूटीएल-एचटीटीपी नावाचं तयार पॅकेज आहे, पोस्टग्रेसला एक्स्टेन्शन जोडता येतात. डेमोत फार छान दिसतं.

पहिलं नुकसान वर सांगितलं, बाहेरचा मंद झाला की तुमचे लॉक मंद होतात. दुसरं जास्त वाईट. रोलबॅक फक्त डेटाबेसमधलं पुसतो. त्या शनिवारी एका आजींना "आपली ऑर्डर नक्की झाली" असा एसएमएस गेला, आणि पुढच्याच ओळीत प्रोसिजर फसून सगळं रोलबॅक झालं. एसएमएस काही परत आला नाही. आजी मंगळवारी पिशवी घेऊन आल्या, मोबाइल पुढे केला, आणि आमच्या टेबलात त्या ऑर्डरीचा मागमूस नाही. काकांनी स्वतःच्या घरच्या डब्यातले लाडू दिले. मला त्यांनी काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं.

मग उलटं करू, आधी कमिट आणि मग एसएमएस? कमिट झालं आणि एसएमएस पाठवायच्या आत ॲप पडलं तर ऑर्डर आहे, निरोप नाही. थेट काफ्काला मेसेज टाकला तरी तेच, कारण डेटाबेसचं कमिट आणि ब्रोकरला (मेसेज पोचवणाऱ्या मध्यस्थाला, इथे काफ्काला) पाठवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि मधल्या फटीत काहीही होऊ शकतं. ही फट बुजवायची पद्धत पुढच्या पायरीत. या लेखातली एकच पायरी नीट वाचणार असाल तर ती वाचा.

पायरी ५: आवक-जावक

कुठल्याही सरकारी ऑफिसात जा. पत्र टाइप झालं की शिपाई ते घेऊन पळत नाही. आधी जावक रजिस्टरमध्ये नंबर पडतो, मग ते बाहेर जातं. समोरच्या ऑफिसात आवक रजिस्टर असतं. तिथे नोंद होते, शिक्का बसतो, आणि तेच पत्र पुन्हा आलं तर आवक कारकून म्हणतो, "हे आलंय आधी." पुस्तकात ज्याला आउटबॉक्स म्हणतात ते हेच आहे, आपल्याकडे फार आधीपासून कापडी बांधणीत मिळतं.

डेटाबेसमध्ये "जावक" नावाचं एक टेबल करा: नंबर, प्रकार, मजकूर, कधी लिहिलं, कधी पाठवलं. ऑर्डरीच्या ट्रान्झॅक्शनमध्येच, स्टॉक कमी करता करता, त्यात एक ओळ घाला: "ऑर्डर अमुक नोंदली, कुरिअर बोलवा." डेटाबेस तोच, त्यामुळे ऑर्डर आणि जावकची ओळ एकत्र कमिट होतात किंवा एकत्र रद्द होतात. फट उरत नाही. मग एक वेगळा छोटा प्रोग्रॅम, आपला शिपाई, जावकमधल्या न पाठवलेल्या ओळी उचलतो, पोचवतो आणि "पाठवलं" अशी खूण करतो.

शिपाई पत्र देऊन परत येताना जिन्यात पडला तर? पत्र पोचलंय, खूण झालेली नाही. उठल्यावर तो तेच पत्र पुन्हा नेणार. म्हणजे निरोप किमान एकदा जाईल, कधी दोनदा. हे टळत नाही, कुठलीही मेसेजिंग सिस्टिम घ्या. काफ्कात २०१७ पासून "नेमकं एकदाच" अशी सोय आहे, पण ती काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती. कुरिअरवाल्याचा प्रिंटर तिच्या कक्षेत येत नाही.

म्हणून समोर आवक रजिस्टर हवंच. निरोप घेणाऱ्या सर्व्हिसच्या डेटाबेसमध्ये "आवक" टेबल, त्यात निरोपाचा नंबर, आणि त्यावर युनिक बंधन, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा लिहिता येणार नाही. काम करायचं आणि नंबर लिहायचा, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. नंबर आधीच असेल तर काम न करता पोच द्यायची. हे आम्ही पहिल्या वर्षी केलं नाही आणि न्यू जर्सीच्या एका पत्त्यावर दोन पार्सलं गेली. पहिल्यांदाच एखाद्या चुकीबद्दल ग्राहकाचं आभाराचं पत्र आलं. कुरिअरचं बिल मात्र आम्ही भरलं.

काम बाहेरच्या सर्व्हरवर असेल, तिथे तुमचं आवक टेबल ठेवता येत नसेल, तर हाक मारताना स्वतःचा नंबर सोबत द्या आणि समोरचा तो दोनदा आल्यावर ओळखतो का हे त्यांच्या माहितीपत्रकात शोधा. पेमेंटवाले सहसा ओळखतात. बाकीच्यांना विचारावं लागतं.

पायरी ६: शिपाई साधा ठेवा

जावक टेबल हीच तुमची पहिली क्यू. तीन-चार शिपाई एकदम चालवायचे असतील तर दोघांनी एकच पत्र उचलू नये म्हणून डेटाबेसमध्ये सोय आहे: ओळ वाचताना लॉक कर, आणि दुसऱ्यानं लॉक केलेली असेल तर तिची वाट न बघता पुढची घे. या कलमाला "स्किप लॉक्ड" म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये २०१६ च्या ९.५ पासून, मायएसक्यूएलमध्ये आवृत्ती ८ पासून.

शिपाई दर सेकंदाला टेबल बघेल, चालतं. अगदी तत्काळ हवं असेल तर पोस्टग्रेसच्या नोटिफायनं बेल वाजवता येते. पण ती फक्त बेल आहे. वाजली तेव्हा घरात कुणी नसेल तर ती कुणासाठी थांबत नाही. निरोप टेबलातच हवा.

एक काळजी घ्या. पाठवलेल्या ओळी सतत काढून टाकल्या की पोस्टग्रेसमध्ये मेलेल्या ओळींचा ढीग साचतो आणि व्हॅक्युम ही तिथली साफसफाईची सोय तो उपसत असते. त्याच डेटाबेसवर कुणी तीन तासांचा रिपोर्ट चालवला तर तेवढा वेळ व्हॅक्युमला तो ढीग काढता येत नाही, आणि तुमची क्यू विनाकारण मंदावते. "क्यू का हळू झाली" याचं उत्तर मला एकदा अकाउंट्सच्या एक्सेलमध्ये सापडलं होतं.

पायरी ७: ब्रोकर आणायचा का?

दुकानाला अजून लागलेला नाही. दिवाळीच्या आठवड्यातही जावक टेबल आरामात चालतं.

लागतो कधी? एकाच निरोपाला ऐकणारे पाच-सहा होतात, वेगवेगळ्या टीमचे, आणि प्रत्येकासाठी शिपायाच्या कोडमध्ये बदल करावा लागतो तेव्हा. निरोपांचा भार डेटाबेसच्या मुख्य कामाला दुखवायला लागतो तेव्हा. किंवा नवीन सर्व्हिस येऊन म्हणते, मागच्या आठवड्यापासूनचं सगळं पुन्हा ऐकव.

मग दोन घराणी. रॅबिटएमक्यू, २००७ चं, एरलँगमध्ये लिहिलेलं. ते कामाची वाटणी करतं. एक निरोप, एक कामगार, पोच मिळाली की निरोप क्यूमधून गेला. एसएमएस पाठवणं, पीडीएफ बनवणं अशा कामांना तेच बरं. दुसरं काफ्का, लिंक्डइनमध्ये जन्मलेलं आणि २०११ मध्ये मुक्तस्रोत झालेलं. ते बनवणाऱ्या तिघांपैकी नेहा नारखेडे पुण्याच्या, धनकवडीच्या पीआयसीटी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या. त्यामुळे इथल्या इंटरव्ह्यूत काफ्काचा विषय निघाला की हा उल्लेख निघतोच. काफ्का म्हणजे वही. निरोप वाचला म्हणून पुसला जात नाही, डिफॉल्टनं ७ दिवस राहतो. वाचणारा आपण कुठल्या ओळीपर्यंत आलो ती खूण ठेवतो, आणि हवं तर मागे जाऊन परत वाचतो.

काफ्कात नवीन माणूस दोन ठिकाणी हमखास आपटतो. पहिलं, क्रम. काफ्का निरोप वेगवेगळ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे वहीच्या वेगवेगळ्या भागांत, वाटून ठेवतं, आणि क्रम फक्त एका पार्टिशनच्या आत पाळला जातो. "ऑर्डर नोंदली" आणि "ऑर्डर रद्द" वेगळ्या पार्टिशनमध्ये पडले तर कुरिअरला रद्द आधी कळेल आणि नोंद नंतर. निरोपाची की (key), म्हणजे तो कुठल्या पार्टिशनमध्ये जायचा ते ठरवणारी खूण, म्हणून ऑर्डर नंबर द्या, म्हणजे एका ऑर्डरीचे सगळे निरोप एकाच पार्टिशनमध्ये रांगेनं येतील. दुसरं, संथ कन्झ्युमर, म्हणजे निरोप वाचणारा प्रोग्रॅम. एकदा निरोपांचा गठ्ठा उचलल्यावर पाच मिनिटांत पुढचा मागितला नाही तर काफ्का समजतं की हा मेला, आणि त्याचं पार्टिशन दुसऱ्याला देतं. तो दुसरा तेच निरोप परत उचलतो, त्यालाही पाच मिनिटं पुरत नाहीत, आणि हे चक्र फिरत राहतं. डॅशबोर्डवर सगळे व्यस्त दिसतात, लॅग, म्हणजे वाचायच्या राहिलेल्या निरोपांचा ढीग, वाढत जातो. गठ्ठा लहान करा.

ब्रोकर आणला तरी जावक टेबल काढायचं नाही. पायरी ४ मधली फट तशीच आहे. शिपाई आता कुरिअरऐवजी ब्रोकरकडे जातो एवढंच. शिपाई स्वतः लिहायचा नसेल तर डेबेझियम नावाचं टूल डेटाबेसचा लॉग (बदलांची नोंद) वाचून जावकच्या ओळी काफ्कात नेऊन टाकतं.

पायरी ८: रात्री फोन कोण उचलणार ते आधी ठरवा

जावकमधली सगळ्यात जुनी न गेलेली ओळ किती मिनिटांची आहे, या एका आकड्यावर अलार्म लावा. दहा वेळा फसलेला निरोप बाजूच्या टेबलात टाका आणि ते टेबल रोज सकाळी माणसानं उघडून बघा. आमच्याकडे ते काम चहाच्या आधी होतं.

हे आज संध्याकाळी करून बघा

लॅपटॉपवर पोस्टग्रेस चालू करा, स्टॉकचं टेबल करून त्यात चकली आणि अनारसे अशा दोन ओळी घाला, आणि दोन टर्मिनल उघडा. पहिल्यात ट्रान्झॅक्शन सुरू करून चकलीचा स्टॉक १ नं कमी करा, कमिट करू नका. दुसऱ्यात तेच करा. दुसरं गप्प बसेल. तो आमचा शनिवार. आता दुसऱ्यात ते तोडा, रोलबॅक करा आणि मग अनारशांचा स्टॉक कमी करा, लगेच होईल. पहिलं रोलबॅक करा.

मग जावक टेबल करा, त्यात वीस ओळी घाला, आणि शिपायाचा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहा. पार्सलचं लेबल छापायच्या ऐवजी त्यानं फाइलमध्ये एक ओळ लिहिली तरी चालेल. त्याचे दोन नग चालवा आणि कुठलाही नंबर फाइलमध्ये दोनदा आला नाही ना ते बघा. आता प्रोग्रॅममध्ये फाइल लिहिणं आणि "पाठवलं" खूण करणं यांच्या मध्ये पाच सेकंदांची झोप घाला, जावकमध्ये नव्या ओळी टाकून पुन्हा चालवा, आणि बरोबर त्या पाच सेकंदांत त्याला किल मारा. परत सुरू करा. फाइलमध्ये एक लेबल दोनदा दिसेल. न्यू जर्सीचं पार्सल ते. आता दुसऱ्या डेटाबेसमध्ये आवक टेबल करा, फाइलच्या जागी लेबलाची ओळ तिथेच त्या नंबरासोबत एका ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, आणि पुन्हा किल मारून बघा.